दाम म्हणजे रक्त



मागच्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही काइन आणि हाबेलची गोष्ट सांगत होतो. काइनाने भावाला शेतात नेऊन मारले, आणि परमेश्वर त्याला म्हणाला की तुझ्या भावाचे रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडत आहे, इथपर्यंत आलो तेव्हा सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. "फादर, रक्ताला तोंड नसते. मग ते ओरडले कसे?" सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो, तेवढ्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली. पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. त्या रात्री सेमिनरीच्या दिवसांतली हिब्रू शब्दांची जुनी वही शोधून काढली. कोकणच्या पावसाने तिची अर्धी पाने एकमेकांना चिकटली आहेत. सुदैवाने 'द' चे पान सुटे होते.

हिब्रू भाषेत रक्ताला 'दाम' म्हणतात. जुन्या करारात हा शब्द सुमारे ३६० वेळा येतो. मराठी कानाला हा शब्द ऐकताच पैसा आठवतो. साम, दाम, दंड, भेद. आपला 'दाम' वेगळ्या घरचा आहे. ग्रीकांचे 'द्राख्मे' नावाचे नाणे संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि तिथून आपल्याकडे 'दाम' झाले. हिब्रू दामाशी त्याचा काही संबंध नाही. पण योगायोग असा की पुढच्या काळातल्या रब्बींच्या हिब्रूतही 'दामीम' या शब्दाला किंमत, पैसे असा अर्थ आहे. तेव्हा तीस रुप्यांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. यहूदाने ती नाणी मंदिरात फेकून दिली तेव्हा मुख्य याजक म्हणाले की हे रक्ताचे मोल आहे, हे दानकोशात टाकता येणार नाही. मग त्यांनी त्या पैशांतून परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले. त्या शेताचे नाव 'हकलदमा' पडले. ते अरामी भाषेत आहे, आणि त्यातला 'दमा' म्हणजे हाच आपला दाम. रक्त देऊन ज्यांना काही वाटले नाही त्यांना पैसे कुठे ठेवावे याची मात्र काळजी पडली, हे मत्तयने न बोलता सांगितले आहे.

या शब्दाच्या शेजारी आणखी दोनतीन शब्द राहतात. 'आदाम' म्हणजे माणूस, 'अदामा' म्हणजे माती, 'आदोम' म्हणजे तांबडा. या सगळ्यांचे मूळ खरोखर एकच आहे की नाही यावर पंडितांचे एकमत नाही. पण पवित्र शास्त्र लिहिणाऱ्यांच्या कानाला ते एकाच कुटुंबातले वाटत होते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाला दिलेल्या आज्ञेत 'दाम' आणि 'आदाम' हे शब्द मागेपुढे असे गुंफले आहेत की हिब्रूत वाचताना ते नगाऱ्याच्या ठोक्यांसारखे ऐकू येतात. रत्नागिरीकरांना हे समजायला जड जाऊ नये. पहिल्या पावसात आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतून वाहणारे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला माती, तांबडा आणि रक्त हे शब्द एका घरचे का वाटावेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

हिब्रू म्हणजे फार दूरची, परदेशातली भाषा असे आपण समजतो. तसे नाही. आपल्या उत्तरेला, अलिबागच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहत आला. त्यांच्या परंपरेप्रमाणे नौगावजवळ जहाज फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. ही माणसे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावे आपल्यासारखीच, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. बोली मराठी. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले ते या समाजासाठी. पुढे १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात त्यांची हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचा ग्रंथ, मराठी अर्थासह छापली गेली. त्यात मिसर देशावर आलेल्या दहा पीडा मोजल्या जातात आणि त्यातली पहिली पीडा 'दाम', नदीचे रक्त होणे. ज्यूंच्या पुष्कळ घरांत प्रत्येक पीडेचे नाव घेताना प्याल्यातला एक एक थेंब द्राक्षारस बाहेर टाकतात. शत्रू मेला तरी आपला प्याला पूर्ण भरलेला नसावा, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे 'दाम' हा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ आपल्या कोकणच्या माणसांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाच पानावर वाचला होता. आम्ही तो सेमिनरीत परक्या भाषेतल्या पुस्तकातून शिकलो, याची आता थोडी गंमत वाटते.

आता अर्थाकडे येऊ. लेवीयच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे की देहाचा जीव रक्तात असतो. 'जीव' साठी तिथे 'नेफेश' हा शब्द आहे. प्राण्याचे मांस खाण्याची परवानगी आहे, रक्ताची नाही. शिकाऱ्यानेही पक्षी मारला तर रक्त जमिनीवर ओतून त्यावर माती टाकावी. हा काही आरोग्याचा नियम नव्हे, जरी अलीकडे असे लेख येतात. यात मालकीची हद्द घातलेली आहे. मांस तुझे, पण त्यातला जीव तुझा कधीच नव्हता, तो ज्याचा त्याला परत कर, असा तो नियम आहे. प्रत्येक जेवणाआधी माणसाला याची आठवण करून देणारी ही व्यवस्था होती.

(इथे आमच्या गोव्याकडच्या कुटुंबांच्या मनात सोरपोतेल आले असेल, हे आम्ही जाणून आहोत. प्रेषितांनी यरुशलेमच्या सभेत परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांनाही रक्त वर्ज्य करायला सांगितले होते. पण ती अट ज्यू आणि परराष्ट्रीय यांना एका ताटात जेवता यावे म्हणून त्या काळापुरती होती, असे ख्रिस्तसभेने १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत स्पष्ट केले. तेव्हा सणाचे जेवण निश्चिंतपणे करा.)

दावीद राजाची एक गोष्ट आम्हाला या संदर्भात फार आवडते. बेथलेहेम पलिष्ट्यांच्या ताब्यात होते. दावीद बाहेर लपून होता. त्याला सहज वाटले आणि तो बोलून गेला की वेशीजवळच्या त्या विहिरीचे पाणी कोणी पाजले तर किती बरे होईल. तीन शूर शिपाई शत्रूची छावणी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीदाने ते प्यायले नाही, परमेश्वरासमोर ओतून टाकले. तो म्हणाला की हे जिवावर उदार झालेल्या माणसांचे रक्त आहे, ते मी कसे पिऊ. पाणीच होते ते. एक थेंब रक्त सांडले नव्हते, तिघे धडधाकट परत आले होते. तरी दावीदाला त्या भांड्यात रक्त दिसले. सेनापतीच्या सहज इच्छेची किंमत दुसरा कोणी जिवाने मोजू शकतो, हे त्याला त्या क्षणी कळले. पुढे उरीयाच्या वेळी तोच दावीद हे विसरला, आणि म्हणूनच एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो 'दामीम' पासून सोडव अशी विनवणी करतो.

ज्यांना लहानपणापासून रक्त वर्ज्य, अशा बारा जणांसमोर प्रभू येशूने प्याला धरला आणि हे माझे रक्त आहे, हे प्या, असे म्हटले. आपण रोज मिस्सात ते शब्द ऐकतो, त्यामुळे त्यातला धक्का आपल्याला जाणवत नाही. कफर्णहूमात हे बोलणे ऐकून पुष्कळ शिष्य निघून गेले, असे योहान लिहितो. त्यांना काही कळले नाही असे आम्हाला वाटत नाही. त्यांना बरोबर कळले होते. जीव देवाचा, म्हणून रक्त माणसाने प्यायचे नाही, हे ते जाणत होते. आणि आता ज्याचा जीव तोच देत होता.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला वही चाळताना नव्याने दिसली. मराठीत आपण 'रक्ताचे नाते' म्हणतो, 'आपल्या रक्ताचा' म्हणतो. जुन्या करारातल्या हिब्रूत नाते सांगायला 'दाम' वापरत नाहीत. लाबान याकोबाला भेटतो तेव्हा तू माझे हाड आणि माझे मांस आहेस, असे म्हणतो. आदाम हव्वेला पाहतो तेव्हाही हाड आणि मांस. 'गोएल हद्दाम' म्हणून एक नातेवाईक असतो खरा, पण त्याचे काम मारल्या गेलेल्या माणसाच्या रक्ताचा जाब विचारणे हे आहे, वंश मोजणे नव्हे. म्हणजे पवित्र शास्त्रात रक्त हे एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण नाही. ते सगळ्यांत एकच आहे आणि देवाचे आहे. वंश, कूळ, जात, शुद्धता हे सगळे सामान त्या शब्दावर आपण नंतर लादले.

आणि हे सर्वांनीच लादले. ज्यांची ही भाषा त्या बेने इस्राएल लोकांतसुद्धा कोकणात 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' असे दोन भाग पडले होते. दुसऱ्या भागातल्यांच्या आईकडच्या रक्तात भेसळ आहे असे समजून त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. पुढे ही माणसे इस्राएलला गेली तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने त्यांच्या विवाहाआधी आई-आजीचा वंश तपासायचे ठरवले. मराठी बोलणारी साधी माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. जे गावात दुसऱ्यांचे रक्त तपासत होते त्यांचे रक्त दुसऱ्या गावात तपासले गेले.

आपण ख्रिस्ती त्यांच्याकडे बोट दाखवू नये. १४४९ साली स्पेनमधल्या टोलेडो शहरात ज्यू वंशातून आलेल्या ख्रिस्ती लोकांना अधिकारपदांवरून दूर ठेवणारा नियम झाला. रक्ताच्या शुद्धतेचे हे तिथले पहिले मोठे प्रकरण. परमगुरू निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी त्याचा निषेध केला, पण रोग पसरतच गेला आणि जहाजांतून आपल्या किनाऱ्यावरही आला. इथे त्याला परके वाटायचे कारणच नव्हते. आपल्या शहरात १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले असे बांधले गेले तेव्हा ती केवढी मोठी बातमी होती हे जुनी माणसे सांगत. कुठल्याही जातीचा माणूस देवासमोर उभा राहू शकतो ही बातमी व्हावी लागली. आमच्याकडे विवाहाच्या चौकशीला येणारे पालक बाप्तिस्म्याचा दाखला मागतात ते ठीक. पण पुष्कळदा पुढचा प्रश्न हळू आवाजात येतो, "फादर, मूळचे कोण ते?" योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात देवाची मुले रक्तापासून जन्मलेली नाहीत असे म्हटले आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे रक्त हा शब्द अनेकवचनी आहे. त्या पालकांना आम्ही हे वाचून दाखवतो. ते ऐकून घेतात. चहा पितात. मग पुन्हा विचारतात.

अनेकवचनाचा विषय निघालाच आहे, तर त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. 'दाम' चे अनेकवचन 'दामीम'. मराठीत रक्ते असे आपण म्हणत नाही. हिब्रूत सांडलेल्या रक्तासाठी, खुनासाठी, खुनाच्या दोषासाठी हे अनेकवचन वापरतात. शिमी दावीदावर दगड मारतो तेव्हा त्याला रक्तांचा माणूस म्हणतो. आणि उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलचे रक्त ओरडते तिथेही अनेकवचन आहे, जणू तुझ्या भावाची रक्ते ओरडत आहेत. जुन्या रब्बींनी मिश्ना या ग्रंथात याचा अर्थ लावला. देहदंडाच्या खटल्यात साक्ष द्यायला आलेल्यांना ताकीद देताना ते सांगत की एकवचन नाही, अनेकवचन आहे, कारण हाबेलबरोबर त्याची न जन्मलेली संततीही मारली गेली. म्हणून जो एका माणसाचा नाश करतो त्याने सगळ्या जगाचा नाश केला असे समजावे. तेव्हा बाळा, तू विचारलेस की एका रक्ताला तोंड नसताना ते कसे ओरडले. ते एक नव्हते.

आता रत्नागिरीतल्याच एका राजाची गोष्ट. थिबा पॅलेस आपण सर्वांनी पाहिला आहे, शाळेच्या सहलीत तरी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो इथे नजरकैदेत राहिला. त्याच्या राजवटीच्या सुरुवातीला, १८७९ च्या फेब्रुवारीत, मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या कित्येक राजपुत्रांची आणि राजकन्यांची हत्या झाली, कारण त्यांच्यापैकी कोणीही सिंहासनावर हक्क सांगितला असता. तो आदेश नेमका कोणाचा, राजाचा, सासूचा की मंत्र्यांचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या देशात राजरक्त जमिनीवर सांडणे हे महापाप मानत. म्हणून राजघराण्यातल्यांना मखमलीच्या पोत्यांत घालून मारण्याची रीत होती, आणि तेव्हाही तसेच झाले असे सांगतात. जमिनीवर थेंब पडला नाही. नियम पाळला गेला.

हे वाचल्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. रक्ताबद्दल एवढा आदर, आणि माणसाबद्दल अजिबात नाही. हिब्रू मनाला हे जमलेच नसते, कारण तिथे रक्त म्हणजेच जीव. जीव घ्यायचा आणि रक्त राखायचे, ही वाटणी तिथे होतच नाही. योसेफाचे भाऊ त्या वाटणीच्या जवळ गेले होते. भावाला मारून त्याचे रक्त झाकण्यात काय फायदा, असे यहूदा म्हणाला. फायदा हा शब्द त्याच्याच तोंडचा. मग त्यांनी त्याला विकले आणि झग्याला बकऱ्याचे रक्त लावून बापाकडे पाठवले. ईयोब याच्या अगदी उलट मागणी करतो. हे भूमी, माझे रक्त झाकू नकोस, असे तो म्हणतो. हाबेलची हाक झाकली गेली तर न्याय कोण मागणार, ही त्याला भीती आहे.

थिबाच्या कथेचा शेवट सांगायला हवा. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीलाच राहिली. इथल्याच एका नोकरापासून तिला मुलगी झाली, ती इथेच वाढली, मराठी बोलली, इथे संसार केला आणि गरिबीत जगली. मखमलीच्या पोत्यांत जे जपले होते ते राजरक्त आपल्या गल्लीबोळांत आपल्या रक्तात मिसळून गेले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता जो भाग लिहायला आम्ही टाळाटाळ करीत होतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक अगदी घरगुती आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडला तर तुझ्या घरावर 'दामीम' येणार नाहीत. तोच शब्द. काइनाच्या वेळी वापरलेला, दावीदाने विनवणी केलेला. इथे कोणी कोणाला मारलेले नाही, शस्त्र नाही, वैर नाही. फक्त एक कठडा बांधायचा राहिला आहे. तरीही शास्त्र त्याला खुनाचाच शब्द लावते.

आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना या जागी वर्गात वाद व्हायचा. हेतू नसेल तर दोष कसा? आणि न केलेल्या गोष्टींचाही दोष लागायचा असेल तर दोषाला अंतच नाही, प्रत्येक जण प्रत्येक मरणाला जबाबदार, म्हणजे शेवटी कोणीच नाही. हा आक्षेप खोटा नाही. संत थॉमस अक्विनास यांनी त्याचे उत्तर मोजूनमापून दिले आहे. ज्यातून मृत्यू घडू शकतो ते दूर करणे ज्याचे कर्तव्य होते आणि ज्याने ते केले नाही, त्याच्याकडे तो मृत्यू एका अर्थी ऐच्छिक म्हणून येतो. दोन अटी आहेत, कर्तव्य त्याचे असले पाहिजे आणि त्याला ते करता येत असले पाहिजे. परीक्षेत आम्ही हे उत्तर लिहिले आणि चांगले गुण मिळवले.

काही वर्षांनी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या हॉलच्या गच्चीचा कठडा एका बाजूला सैल झाला होता. एका बाईने आम्हाला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा आम्ही म्हणालो, फेस्ताचा खर्च होऊ दे, मग बघू. फेस्त झाले. मग पाऊस आला. एका संध्याकाळी एक मुलगा पतंग काढायला वर गेला आणि कठड्यासकट खाली आला. हात दोन ठिकाणी मोडला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून तेवढ्यावर निभावले. वाळू कोणी टाकली होती, कशासाठी, आम्हाला माहीतही नव्हते. त्याची आई आम्हाला म्हणाली, "देवाची कृपा, फादर." आम्ही मान डोलावली. ज्या बाईने दोनदा सांगितले होते ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी आम्ही देवाच्या कृपेवर प्रवचन दिले आणि कठड्याबद्दल एक शब्दही काढला नाही. मखमलीचे पोते आमच्याजवळही होते.

२ जुलै २०१९ च्या रात्री आपल्या जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. एका मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण सांगितले, आणि त्यावर महाराष्ट्रभर लोक हसले. आम्ही हसू शकलो नाही. पाऊस आला, फेस्त होते, खर्च होता, हेही खेकडेच. कोणाच्या हाताला रक्त लागले नव्हते. माणसे पाण्याने गेली. आणि हाबेलच्या हिशोबाने वीसांचा आकडाही अपुराच, कारण तिथली रक्ते मोजायची तर त्या घरांतून पुढे जे जन्मले असते त्यांचीही मोजावी लागतील.

अनुवादातच, एकविसाव्या अध्यायात, एक विधी आहे. उघड्या माळावर एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण ते कळले नाही, तर आसपासच्या गावांचे वडील बाहेर यावेत आणि प्रेतापासून प्रत्येक गावाचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी वासरावर हात धुऊन म्हणावे की आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही. पिलातानेही हात धुतले, पण त्याने अंतर मोजले नव्हते. तो त्या प्रेताच्या सर्वांत जवळ उभा होता. मिश्ना इथे विचारते, गावचे वडील खुनी आहेत असे कोणाला वाटले होते का? मग ते असे का म्हणतात? आणि उत्तर देते, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा की तो माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला न जेवता पाठवले असे झाले नाही, आम्ही त्याला पाहिले आणि सोबत न देता जाऊ दिले असेही झाले नाही. एवढी चौकशी करून मगच हात धुवायचे.

येशूच्या रक्ताबद्दल बोलतानाही ख्रिस्ती लोकांनी हे अंतर चुकीचे मोजले. त्याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर असो, हे पिलातासमोरच्या जमावाचे वाक्य शतकानुशतके सगळ्या ज्यू लोकांच्या माथी मारले गेले आणि त्या नावाखाली खरोखरचे रक्त सांडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले की त्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर भेद न करता लादता येत नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच. इब्री लोकांस पत्रात लिहिले आहे की येशूचे रक्त हाबेलच्या रक्तापेक्षा चांगले काही बोलते. हाबेलचे रक्त न्याय मागते. हे दुसरे रक्तही न्याय विसरत नाही, असे आम्हाला वाटते, पण ते आधी क्षमा उच्चारते, आणि क्षमा मिळाल्यावर माणसाला खरे बोलायला धीर येतो. नाहीतर वरचा कठड्याचा परिच्छेद आम्ही आज लिहिला नसता.

एक सूचना. चर्चच्या मागच्या जुन्या विहिरीचा कठडा दोन ठिकाणी खचला आहे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले सुट्टीत तिकडेच खेळतात. चिरे आले आहेत, गवंडी गुरुवारी सकाळी येणार आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी चिरे उचलायला नऊपर्यंत यावे. तोपर्यंत तिथे काथ्याची दोरी बांधली आहे, ती कोणी सोडू नये.

तुमचे,
फादर